बाग, सामाईक खाचरं, कुळाची जमीन आणि चिरेबंदी घर: मृत्युपत्र करावं की आत्ताच बक्षीसपत्र?

चिपळूणकरीण (प्रश्न)

राजापूर तालुक्यातल्या मिळकतीबद्दल विचारायचं आहे. वडील ८१, आई ७४, दोघं गावीच असतात. दोन भाऊ मुंबईला, मी चिपळूणला. गावात आतेभाऊ शेजारीच राहतो. बागेची राखण, फवारणी, तोड सगळं तोच बघतो आणि निम्मा आंबा घेतो. वडिलांना त्याच्यासाठीही काहीतरी ठेवायचं आहे.

मिळकत चार प्रकारची आहे. हापूसची सव्वा एकर बाग, ४५ कलमं. वडिलांनी १९८४ साली खरेदीखताने घेतली, सातबारावर ते एकटेच. भाताची खाचरं आणि वरकस (डोंगरउताराची जमीन) सामाईक, सातबारावर १९ नावं, त्यातले पाचसहा जण हयात नाहीत. कुळकायद्याने मिळालेली २२ गुंठे, तिच्या इतर हक्कात कलम ४३ चा शेरा. आणि चिरेबंदी घर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला वडिलांचं नाव आहे, पण घर ज्या जागेवर उभं आहे ती त्या १९ नावांच्या सातबारात येते.

थोरला भाऊ म्हणतो, गणपतीला सगळे गावी येतील तेव्हाच बक्षीसपत्र करून टाकू, मागाहून सह्या गोळा करत फिरायला नको. वडिलांचा कल मृत्युपत्राकडे आहे. अलीकडे ते विसरतात, पण व्यवहार कळतो. काय करावं?

सातबारा_वाचक

मृत्युपत्र की बक्षीसपत्र हा प्रश्न नंतरचा. आधी चार मिळकती चार वेगळ्या कागदांवर मांडा. यातली एकच वडिलांना आज मनासारखी देता येते.

१९८४ ची बाग सरळ आहे. स्वकष्टार्जित, एकट्याची. मृत्युपत्राने कोणालाही देता येईल. सातबारावर विकास सोसायटीचा बोजा आहे का तेवढं बघा. कर्ज फिटलेलं असतं आणि बोजा तसाच राहिलेला असतो. सोसायटीचा ना देय दाखला देऊन तो आत्ताच कमी करून घ्या.

१९ नावांच्या जमिनीत वडिलांना स्वतःचा अविभक्त हिस्सा देता येतो, ठरावीक खाचर नाही. ‘विहिरीजवळची तीन खाचरं थोरल्याला’ असं मृत्युपत्रात लिहिलं तर ते इतर अठरा जणांवर बंधनकारक नाही. वहिवाट कितीही जुनी असली तरी आधी वाटप व्हावं लागतं. सगळ्यांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होतं. एकाने जरी नकार दिला तरी दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. त्यासाठी आधी मयतांचे वारस चढले पाहिजेत. मृत्यूचा दाखला, वंशावळीसह शपथपत्र आणि अर्ज. अर्ज ई-हक्कवरूनही करता येतो. मग वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६-क ला नोंद, फेरफार, १५ दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी.

जुने फेरफार काढाल तेव्हा दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक म्हणजे ‘ए.कु.मॅ.’ लावून एकाच भावाचं नाव. तो कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे. दुसरी म्हणजे बहिणींची नावं वर मालकांत न लावता खाली इतर हक्कात टाकलेली, किंवा अजिबात नसलेली. नाव गाळलं म्हणून हिस्सा जात नाही. वाटपाच्या दिवशी अशी एखादी आत्या किंवा तिची मुलं उभी राहिली की सगळं परत पहिल्यापासून.

आता ‘वडलोपार्जित’ या शब्दाबद्दल. आजोबांकडून आलं ते सगळं वडलोपार्जित, असं गावात धरलं जातं. कायद्यात तसं नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ ला लागू झाला. आजोबांनी स्वतः मिळवलेली जमीन, आणि ते त्यानंतर मृत्युपत्राविना वारले, तर कलम ८ ने वडिलांना जे मिळालं ते त्यांचं स्वतःचं. त्यात मुलांचा जन्मजात हक्क नाही, पूर्ण हिश्श्याचं मृत्युपत्र होतं. खरोखरीच सहदायकीची, म्हणजे एकत्र कुटुंबाची आणि जन्मानेच हक्क मिळणारी असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलगीही मुलाइतकीच सहदायक. वडील २००५ ला हयात असायला हवे होते ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली विनीता शर्मा खटल्यात काढून टाकली. तशा जमिनीत वडिलांचं मृत्युपत्र फक्त त्यांच्या हिश्श्यापुरतं चालतं. वडील, आई आणि तीन मुलं धरली तर कुटुंबाच्या वाट्याच्या पाचव्या भागापुरतं. म्हणून आजोबांच्या मृत्यूची तारीख आणि त्या वेळचा फेरफार हे पहिले दोन कागद.

कुळाच्या २२ गुंठ्यांबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. कलम ४३ म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, पट्टा नाही. मृत्युपत्र त्यातून सुटतं असं समजून लोकांनी अशा जमिनी बाहेरच्यांना लिहून दिल्या. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये गुजरातच्या प्रकरणात (मूळ कायदा आपलाच, मुंबई कुळवहिवाट अधिनियम १९४८) सांगितलं की मृत्युपत्राने देणं हेही त्या बंधनात येतं. पत्नी आणि मुलं असताना भाचा वारस ठरत नाही. हा तुकडा त्याला लिहिलात तर तो फेरफारालाच अडकेल.

वाट आहे, आणि स्वस्त आहे. ३२-म चं प्रमाणपत्र (कूळ जमिनीचा मालक झाल्याचा दाखला) मिळून १० वर्षं झाली असतील तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या ४० पट नजराणा भरला की परवानगी लागत नाही. आकार म्हणजे सातबारावरचा शेतसारा, बाजारभाव नव्हे. आकार ३ रुपये ५० पैसे असेल तर नजराणा १४० रुपये. त्यानंतरही घेणारा शेतकरीच हवा. तहसील कार्यालयात चलन भरून इतर हक्कातला शेरा कमी करून घ्या. ३२-म चं प्रमाणपत्र घरात सापडलं नाही तर जुन्या फेरफारात त्याचा क्रमांक मिळतो, त्यावरून नक्कल काढता येते.

राहिलं घर. नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. मृत्युपत्रात ‘माझे राहते घर’ एवढंच लिहिलंत तर घर एकाचं आणि खालची जागा १९ जणांची. घर क्रमांक, चतुःसीमा, खालचा सर्व्हे नंबर आणि ‘सदर जागेतील माझा अविभक्त हिस्सा’ हे चारही घाला. मांगर, विहीर, पाणंदीचा हक्कही नावाने लिहा. गावठाणात असतं तर स्वामित्व योजनेतलं प्रॉपर्टी कार्ड कामाला आलं असतं. तुमचं घर सातबाराच्या जमिनीत आहे, त्यामुळे ते नाही.

दस्तलेखक_घाटाखाली

वरचं सगळं बरोबर. मी फक्त दस्तापुरतं सांगतो.

बक्षीसपत्र नोंदवलं आणि घेणाऱ्याने स्वीकारलं की मालकी त्याच दिवशी गेली. मन बदललं म्हणून एकतर्फी रद्द होत नाही. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. ‘मागाहून सह्या नकोत’ हे कारण देऊन ८१ वर्षांच्या माणसाने राहतं घर हयातीत देऊन टाकणं मला पटत नाही.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो, म्हणून तोही बघू. महाराष्ट्रात राहती आणि शेतीची मिळकत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक २०० रुपये. स्थानिक संस्थेचा अधिभार आणि नोंदणी फी वेगळी, ती दुय्यम निबंधकाकडे मूल्यांकन करून आधीच विचारा. भाऊ, पुतण्या, भाचा या सवलतीत नाहीत. भाच्याला बक्षीस म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्त्याने मुद्रांक, आणि तुकडेबंदीत (ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी) बसतं का हेही बघावं लागेल. मृत्युपत्राला मुद्रांक शून्य. तेव्हा भाच्याला द्यायचं ते बागेतून आणि मृत्युपत्रानेच. तो शेतकरी आहे याचा पुरावा, म्हणजे त्याच्या नावाचा कुठलाही सातबारा, बरोबर ठेवा.

तरीही बक्षीसपत्रच करायचं ठरलं तर ‘प्रेमापोटी, स्वखुशीने, विनाअट’ ही छापील ओळ पहिल्यांदा काढा. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ च्या कलम २३ खाली दिलेली मिळकत परत मिळते ती सांभाळण्याच्या अटीवर दिली असेल तर. अट नसेल तर कलम २३ लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा खटल्यात म्हटलं. जानेवारी २०२५ च्या उर्मिला दीक्षित खटल्यात सांभाळण्याची लेखी हमी सापडली आणि आईला मिळकत परत मिळाली. म्हणजे सगळं त्या एका परिच्छेदावर आहे. साधारण असा:

‘लिहून घेणार यांनी लिहून देणार व त्यांची पत्नी यांना उभयतांच्या हयातीपर्यंत सदर घरात राहू द्यावयाचे असून अन्न, वस्त्र, औषधोपचार व शुश्रूषा पुरवावयाची आहे, या अटीवर हे बक्षीसपत्र केले आहे. यात कसूर झाल्यास ज्येष्ठ नागरिक अधिनियम २००७ कलम २३ प्रमाणे हा दस्त रद्द करून घेण्याचा हक्क लिहून देणार यांना राहील.’

शिवाय राहण्याचा आणि उत्पन्नाचा हयातभराचा हक्क राखून ठेवून बक्षीस देता येतं. ताबा लगेच दिलाच पाहिजे असं नाही. अर्ज करायची वेळ आली तर तो प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे. पोटगीची मर्यादा महिना १०,००० रुपये. अर्ज कुठे, कसा करायचा हे विचारायला १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

मृत्युपत्रात आईची सोय कशी लिहिता, तिथे जपून. ‘पत्नीला हयातभर उपभोग, विक्रीचा अधिकार नाही, तिच्या पश्चात मुलांना’ हा नेहमीचा साचा. पण पत्नीला पोटगीच्या हक्कापोटी दिलेली मर्यादित मालकी हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४(१) ने पूर्ण मालकी होते, हे १९७७ च्या तुलसम्मा निकालापासून ठरलेलं आहे. मग वर्षानुवर्षं वाद चालतो की ही मर्यादा टिकते की नाही. त्यापेक्षा दोनांतलं एक सरळ लिहा. आईला पूर्ण मालकी द्या आणि तिने स्वतःचं मृत्युपत्र करावं, किंवा मालकी मुलांना देऊन आईला राहण्याचा आणि ठरावीक उत्पन्नाचा हक्क द्या. मला पहिलं जास्त बरं वाटतं. घर आईच्या नावावर असलं की तिच्याशी बोलण्याचा सूरही बदलतो, असं आपलं माझं मत.

मालवणी_गडगो

आदी सातबारो काढा, मगे काय ता बोला, असा सांगणार होतंय, पण वरती सगळा येऊन गेला. एकच राहिलं आहे आणि ते महत्त्वाचं.

आतेभाऊ निम्मा आंबा घेतो असं लिहिलंय. हे थांबवा. भाच्याला घालवा म्हणत नाही, हिशोबाची पद्धत बदला. कुळकायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. घरातला माणूस, मजुरीवरचा गडी अशांना यातून वगळलं आहे, पण मजुरी रोख किंवा वस्तूत हवी, पिकाच्या वाट्यात नाही. निम्मा आंबा म्हणजे पिकाचा वाटाच. भाचा चांगला असेल, त्याची मुलंही तशीच निघतील याची खात्री कोणी द्यावी? महिन्याला ठरावीक रक्कम, बँकेतून, आणि एक साधं पत्र: ‘बागेची देखभाल मोबदल्यावर करतो, जमिनीत कुठलाही हक्क नाही.’ ई-पीक पाहणी वडिलांच्या नावानेच भरा. त्याच्या मोबाइलवरून भरली जात असेल तर कोणाच्या नावावर पडते ते बघा.

चिपळूणकरीण

निम्म्या आंब्याचं डोक्यातच आलं नव्हतं. भावाने आता दुसरा पर्याय काढलाय: वडिलांकडून कुलमुखत्यारपत्र घेऊन ठेवू, म्हणजे पुढे त्यांना काही आठवेनासं झालं तरी सह्या तो करेल. हे चालेल? आणि विसरभोळेपणामुळे मृत्युपत्र उद्या कोणी मोडू शकेल का?

निबंधक_कचेरीचा_अनुभव

कुलमुखत्यारपत्र नेमकं तेव्हाच निकामी होतं. करार अधिनियम १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे देणारा वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. त्यानंतर मुखत्याराने केलेली विक्री मोडीत निघू शकते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मिळकतीसाठी मग कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयात त्यासाठी रिट अर्ज होतात. खर्च आणि महिने दोन्ही. जे करायचं ते वडिलांना कळतंय तोवर.

मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ चं कलम ६३ लागतं. वडिलांची सही किंवा अंगठा, किमान दोन साक्षीदार, प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेलं (किंवा ‘ही सही माझीच’ असं त्यांच्या तोंडून ऐकलेलं), आणि प्रत्येकाने वडिलांच्या समोर सही केलेली. दस्त इथेच फसतात. टायपिंगच्या दुकानात वडील सही करतात, साक्षीदार संध्याकाळी घरी येऊन करतो. तोच पुढे कोर्टात सांगतो, ‘मी गेलो तेव्हा सही होती, काका आत झोपले होते.’ संपलं. एकाच खोलीत, एकाच बैठकीत, तिघांच्या सह्या. पानापानावर वडिलांची सही, खाडाखोड असेल तिथे बाजूला परत सही.

साक्षीदार वडिलांच्या वयाचे नकोत. वडिलांच्या पश्चात किमान एकाला कोर्टात उभं राहावं लागतं. चाळिशीतले, गावात किंवा तालुक्यात राहणारे घ्या, परगावी बदलीवर जाणारा शिक्षक वगैरे नको. ज्याला मिळकत मिळणार तो साक्षीदार नको. हिंदूंच्या मृत्युपत्रात त्याने देणगी आपोआप रद्द होत नाही, पण संशयाला जागा मिळते. म्हणजे भाचा साक्षीदार नाही आणि थोरला भाऊही नाही.

विसरण्याबद्दल. कलम ५९ ला मन ठिकाणावर असणं हवं, कालचं जेवण आठवणं नव्हे. आपल्याकडे काय आहे, आपली माणसं कोण, कोणाला काय देतोय आणि का, एवढं कळलं पाहिजे. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला घ्या, पण ‘फिट’ असा एका शब्दाचा नको. काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, तारीख आणि वेळ, नोंदणी क्रमांक. नेहमीच्या डॉक्टरांनाच एक साक्षीदार केलं तर उत्तम. व्हिडिओ काढायचा तर वडिलांना स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. मुलगा विचारतोय आणि ते ‘हो, हो’ म्हणतायत असा व्हिडिओ विरुद्ध बाजूलाच उपयोगी पडतो. कोणाला कमी दिलं असेल तर त्याचं कारण एका ओळीत लिहा. तुम्हाला, म्हणजे लेकीला, काही नसेल तर तेही नाव घेऊन. वगळलेल्या वारसाचा उल्लेखच नसला की पहिला प्रश्न तोच येतो.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. वडिलांना कचेरीत जाणं झेपत नसेल तर नोंदणी अधिनियमाच्या कलम ३१ आणि ३८ प्रमाणे दुय्यम निबंधक घरी येतात. कारणासह अर्ज, डॉक्टरांचा दाखला, वेगळी फी.

दस्तलेखक_घाटाखाली

नोंदणीवर एक पुस्ती. नोंदलेलं मृत्युपत्र म्हणजे पक्कं असं नव्हे, साक्षीदाराने ते शाबित करावंच लागतं. त्यामुळे नोंदणी झाली म्हणून साक्षीदारांचे पत्ते हरवू नका. आणि वडिलांच्या पश्चात मृत्युपत्रावर फेरफार टाकाल तेव्हा नोटीस सगळ्या वारसांना जाते. हरकत आली तर तक्रारी केस होते, मंडळ अधिकारी निकाल देतात, त्यावर प्रांतांकडे अपील ६० दिवसांत. फेरफार मंजूर झाला तरी मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टाची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जमिनीसाठी प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर) सक्तीचं नाही, कोणी आधी ते आणा म्हणालं तर लेखी मागा.

बँकेचं विसरू नका. नॉमिनी मालक नसतो, वारसांसाठी पैसे ताब्यात घेणारा असतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात. ठेवींसाठी टक्केवारी ठरवूनही चालते, लॉकरला मात्र एकामागून एक असा क्रमच. मृत्युपत्रात ठेवी थोरल्याला आणि नॉमिनी धाकटा, असं झालं की भांडणाला निमित्त. दोन्हीकडे एकच नाव ठेवा.

सातबारा_वाचक

गणपतीतच करायचं असेल तर क्रम असा लावा. आता सातबारा, ८-अ आणि आजोबांपासूनचे फेरफार काढा. ४० पट नजराण्याचं चलन आणि बोजा कमी करणं गणपतीच्या आधी. मयतांच्या वारसनोंदीचे अर्जही आधी, म्हणजे नोटिशीचे १५ दिवस मुंबईकर यायच्या आत संपतील. वाटपाच्या संमतीच्या सह्या मात्र ते गावात असतानाच घ्या.

मृत्युपत्र त्या दिवसांत नको. घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळी मुलं भोवती, आणि कचेरीला सुट्ट्या. ज्यांना मिळायचं ते सगळे त्या दिवशी घरात हजर होते, हेच पुढे दबावाचा पुरावा म्हणून मांडलं जातं. विसर्जन होऊन मुंबईकर परतले की साध्या कामाच्या दिवशी, सकाळी, वडील ताजेतवाने असताना डॉक्टर आणि दोन साक्षीदार बोलवा.